सासऱ्यांचा पट्टा आणि माझा रंधा

४ फेब्रुवारी
सासऱ्यांच्या कमरेचा पट्टा तुटला. साडू लगेच म्हणाला, मी घरी करून देतो. हा दिवसभर विमा कंपनीत टेबलामागे बसतो आणि सुट्टीत चामड्याची पाकिटं शिवतो. त्यातलं एक बघून सासरे म्हणाले, वा, सुबक केलंय. मला सुतारकाम त्यांनीच शिकवलं. माझी कपाटं, पलंग, दारं... "बरं आहे" याच्या पुढे गाडी कधी गेली नाही.
सांगून टाकलं, पट्टा मी करणार. आता यांच्या तोंडून "वा" ऐकल्याशिवाय राहणार नाही.

५ फेब्रुवारी, सकाळी
साडूकडे जाऊन आलो. हेरगिरी नव्हे, सहज. तर हा पठ्ठ्या चामडं पातळ करायला चक्क छोटा रंधा वापरतो! कोपरे गोल करायला कानस. विचारलं, कुठे शिकलास? म्हणाला, तुमच्याकडे बघून. हत्यारं आमची, विद्या आमची, आणि कौतुक याचं. अंगाचा नुसता तिळपापड.

त्याच दिवशी, दुपारी
शांतपणे विचार केला. रंध्याने होतं म्हणजे मामला माझाच. चामडं म्हणजे शेवटी काय, मऊ लाकूड.

८ फेब्रुवारी
मस्त तपकिरी चामडं आणलं. एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरबरीत. रंधा मारला, तर चामडं गोळा होऊन रंध्याबरोबरच निघालं. लाकूड असं वागत नाही. शिकंज्यात आवळलं, त्याचे दात उमटले. नक्षी म्हणून खपेल.
बायको म्हणाली, एकदा तुमच्या साडूंना विचारा ना. म्हटलं, मेलो तरी नाही.

११ फेब्रुवारी
जमलं! पात्याला अशी धार लावली की मनगटावरचे केस साफ. चामडं फळीवर चिकटवलं आणि ओढला रंधा. रिबिनीच रिबिनी! थांबवेना. सगळी गुळगुळीत बाजू तासून काढली. सुताराचा पहिला नियम: जी बाजू दिसणार, तिच्यावर रंधा.
जरा केसाळ झालंय. पॉलिश पेपरने बसेल.

१२ फेब्रुवारी
पॉलिश पेपरने जास्तच केसाळ. मांजर झालंय. नेमका साडू टपकला. चामड्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "दादा, मी मागची बाजू तासतो. पुढची नाही."
म्हणजे याला पुढची जमत नाही. मी चहाचं विचारलं. कशाला लाजवा बिचाऱ्याला.

१५ फेब्रुवारी
बकलपाशी पट्टा दुमडतो, तिथे चामडं पातळ लागतं. साडू निम्मं ठेवतो म्हणे. मी कागदासारखं केलं. आता बोल म्हणावं.

१६ फेब्रुवारी, रविवार
सासऱ्यांनी पट्टा लावला. चपलेकडे वाकले. बकल उडून कोचाखाली गेलं. दोन्ही हातांनी पँट धरून आत गेले, आणि बाहेर आले ते नवाकोरा पट्टा लावून. साडूने केलेला! हिनेच त्याला आधी सांगून ठेवलं होतं. माझ्या बायकोने! विचारलं तर म्हणते, बाबांना कार्यक्रमाला जायचं होतं, मी धोका कसा पत्करू?
सासऱ्यांनी माझा तुटका पट्टा उजेडात धरला आणि पात्याला धार कोणी लावली ते विचारलं. मी, म्हटलं.
"वा, जावईबापू. अशी धार मलाही कधी लागली नाही."
खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ते शेजारी बसलेल्या साडूकडे वळले. म्हणाले, "तुमच्या पात्यांना धार यापुढे यांच्याकडूनच लावून घेत जा."

२३ फेब्रुवारी
साडूची पाती डब्यातून आली. एक मुद्दाम बोथट ठेवायचं पक्कं केलं होतं.
नाही ठेवता आलं. सगळ्यांना धार लावून दिली. डबा चांगला पुसून दिला.