अ, ब आणि रमाबाईंचा डबा

२८ जुलै. सकाळी ७.
गॅलरीतल्या कुंडीत लाकडावर पिवळं, सरकणारं काहीतरी. सौ. शुभदा म्हणाली, फिनेल टाका. मोबाइलवर शोधलं: स्लाइम मोल्ड, बुरशीसारखा दिसणारा जीव. मेंदू नाही, तरी ओट्सकडे बरोबर जातो. दुसऱ्या कुंडीतही तसाच, पण फिका. म्हणजे जवळची दुसरी जात. वागळे इस्टेटच्या कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलंय. मला फरक दिसतो.

२९ जुलै.
पिवळा तो 'अ', श्रीखंडाच्या डब्यात. फिका तो 'ब', शेजारच्या रमाबाईंच्या स्टीलच्या डब्यात. त्यातल्या अळूवड्या संपल्यात. ज्येष्ठ नागरिक मंडळाला कळवलं: दहा तारखेला माझं भाषण, 'दोन जातींची तुलना'. गेल्या वर्षी नट-बोल्टवर बोललो तेव्हा लोक चहाला उठले. या वेळी टाळ्या हव्यात. खरंच हव्यात. रिटायर झाल्यापासून कुणी काही विचारत नाही.

१ ऑगस्ट.
अ: आळशी. ब: महत्त्वाकांक्षी, माझ्यासारखा. बहुतेक नवीनच जात. नाव माझं द्यावं लागेल, इलाज नाही. रोज पहाटे पाचला नोंद.

२ ऑगस्ट. सकाळी ९.२०.
पहाटेची नोंद उद्यापासून.

४ ऑगस्ट.
मंडळाचे सेक्रेटरी महिपतराव डबे बघून गेले. पूर्वी शाळेत बायॉलॉजी शिकवायचे. म्हणाले, हरिहरराव, एकत्र ठेवून बघा. एकाच जातीचे असतील तर मिसळतील. गरज नाही म्हटलं. जळतो माणूस.

८ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा.
अनर्थ. शुभदाने रमाबाईंचा डबा परत केला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून नारळीभात भरून. ब कुठे, विचारलं. म्हणाली, त्या दुसऱ्याजवळ ठेवलाय, एकटाच होता बिचारा. डबा दोनदा घासला म्हणे. हरकत नाही. उद्या दोघांना वेगळं करतो.

९ ऑगस्ट. पहाटे ५.
डब्यात एकच. तासभर भिंग घेऊन बसलो, कुठे अ संपतो ते कळेना. शुभदा शेजारी येऊन बसली. म्हणाली, अहो, तुमचा ब तीस तारखेलाच वाळून गेला होता, पाणी घालायला विसरलात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी अ मधलाच अर्धा त्यात ठेवला.
म्हणजे मूळ ब वेगळा नव्हता, हे अजून सिद्ध झालेलं नाही. हाच मुद्दा मांडणार.

१० ऑगस्ट. रात्री.
मुद्दा मांडला. महिपतरावांनी डबा मागितला, आत बघितलं, पुढे दिला. मग रमाबाई उठून म्हणाल्या, नारळीभात फार छान झाला होता हो. टाळ्या झाल्या. जोरात. शुभदाने नमस्कार केला. मीसुद्धा वाजवल्या.