चित्रं तुम्हीच परत घेतलीत!

ती. वन्सं यांना,

लांबूनच वाकून पाया पडते. (जवळ असते तरी लांबूनच पडले असते. मागच्या खेपेला माझा हात तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला लागला आणि तुम्ही जी किंकाळी फोडलीत, ती अजून माझ्या कानात आहे.) गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावता, की त्यांनी सांगितलं म्हणून मुद्दाम लावत नाही? झोप लागते ना? इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. खुशाल कोणीही नाही. मी तर नुसती धुमसते आहे, आणि तुमच्याशिवाय माझं ऐकून घेणारं दुसरं कोणी नाही. (ऐकून घेऊन वर चार शब्द सुनावणारंही नाही, पण ते उत्तरात लिहा.)

तर वन्सं, तुमच्या भावजयीची परीक्षा झाली. या वयात! आणि तीही चित्रांची! हा कोंबडा, ही छत्री, ही होडी. तुमच्या माहेरच्या लाँड्रीचा काउंटर जिने लग्नापासून सांभाळला, तिला होडी ओळखायला लावली.

झालं ते असं. आपल्या दुकानातून वकीलसाहेबांचा काळा कोट चुकून बँडवाल्याकडे गेला, आणि बँडवाल्याचा सोनेरी झालरीचा लाल कोट वकीलसाहेबांकडे. वकीलसाहेबांनी पुडकं कोर्टात जाऊन उघडलं. आता पुडकं घरी उघडून बघायला काय होतं? पण नाही. तिथून त्यांनी फोनवर जे काही म्हटलं ते कायद्याच्या भाषेत होतं म्हणून बरं, मला निम्मं कळलंच नाही. बँडवाल्याने मात्र चकार शब्द काढला नाही. उलट काळा कोट घालून वाजवलं तर लोक गप्प उभे राहून ऐकत होते म्हणे, आणि कोट परत देताना त्याचं तोंड उतरलं होतं. त्याच आठवड्यात बेकरीचे एप्रन दवाखान्यात गेले. मग पडदे. पडद्यांचं मी लिहीत नाही, तुमचा रक्तदाब वाढेल.

चिरंजीव सुट्टीच्या दिवशी दुकानात आले, गल्ल्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, आई, तुला विसरायला होतंय. मी म्हटलं, होय बाबा, चूक माझीच. (का म्हटलं ते विचारू नका. म्हटलं.) झालं! त्यांनी दवाखान्यात नाव घातलं, आणि वर जाहीर केलं की तपासणी बरी निघाली नाही तर पहिल्या तारखेपासून काउंटरवर पगारी माणूस बसेल आणि मी घरी आराम करायचा. आराम! माझ्यासारख्या बाईला आराम म्हणजे शिक्षाच. पण प्रश्न माझ्या आरामाचा नाही, काउंटरचा आहे. तिथून मला उठवून चालणार नाही. कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही, हे मी चिरंजीवांना तीन प्रकारे सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला त्या हाताचा इतका राग आला म्हणून सांगू!

दवाखान्यात तुमचे बंधू सोबत आले होते. वरच्या मजल्यावरच्या बोळात खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे पलीकडचा जाडजूड गृहस्थ उठला की आम्ही सगळे ओळीने वर उडायचो. मग मला एकटीला आत बोलावलं. खोली एवढीशी, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर चक्क कागद चिकटवलेला! का, तर तपासायला आलेल्याने तारीख बघून सांगू नये. म्हणजे मी पाऊल ठेवायच्या आत माझ्यावर कॉपीचा आळ. तपासणारी मुलगी सुनेच्या वयाची, पण मला आजी म्हणाली. मी मनातल्या मनात तिचं नाव चित्रवाली ठेवलं आणि खुर्चीत ताठ बसले.

पहिला प्रश्न, शाळा किती झाली? म्हटलं, तिसरी, तीही अर्धी. लगेच तिने हातातली फाइल खाली ठेवली आणि कपाटातून दुसरी काढली. मी काही आंधळी नाही. विचारलं, त्या पहिलीत काय आहे? ती म्हणाली, त्यात शब्द वाचायचे असतात, आकडेमोड असते. जे फार शाळेत गेले नाहीत ते तिथे सवय नाही म्हणून अडतात, आणि त्यांची आठवण चांगली असूनही वाईट दिसते. म्हणून त्यांच्यासाठी चित्रं. ऐकायला किती गोड! पण अर्थ काय, तर शिकलेल्यांना वेगळं ताट आणि आम्हाला वेगळं. मी म्हटलं, बाई, माझी पत्रं वाचून वाचून माझ्या नणंदेला चष्मा लागला, मला ती पहिलीच फाइल द्या. तिने मुकाट्याने काही आकडे सांगितले आणि उलटे म्हणायला लावले. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही. चित्रं घेतली.

एकेक चित्र दाखवून ती नाव विचारी. मेणबत्ती, कंगवा, कात्री, सगळं सांगितलं. मग आला सदरा. आता वन्सं, सदरा समोर आला की तो कोणाचा हे विचारल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही. मी विचारलं. ती म्हणाली, कोणाचा नाही, नुसता सदरा आहे. नुसता सदरा म्हणून या जगात काही नसतं. कोणीतरी तो शिवलेला असतो, कोणीतरी मळवलेला असतो. हे मी तिला समजावून सांगितलं आणि तिने काहीतरी लिहून घेतलं. ती सारखं लिहीत होती. मी शिंकले तरी लिहिलं. (शिंकेचं काय लिहिलं असेल?)

मग तिने सगळी चित्रं गोळा केली, खणात ठेवली, आणि मला टेबलावर टकटक करायला लावलं. तिने एकदा केलं की मी दोनदा, तिने दोनदा केलं की मी एकदा. बराच वेळ आम्ही दोघी सुतारपक्ष्यांसारख्या टकटकत बसलो. आणि मग एकदम विचारते कशी, मघाशी कोणकोणती चित्रं पाहिलीत ते सांगा.

मी म्हटलं, ती तुम्ही परत घेतलीत ना?

ती म्हणाली, हो, पण आठवत असतील ना? मी म्हटलं, कशाला आठवायची? वन्सं, तुम्हीच न्याय करा. ही शिकवण माझी नाही, तुमच्या आईंची आहे. काउंटरवर बसवलं त्या दिवशी त्यांनी बजावलं होतं की कपडा फळीवर आहे तोवर डोळ्यांसमोर ठेवायचा, आणि गिऱ्हाइकाच्या हातात गेला की डोक्यातून काढून टाकायचा. नाहीतर काल गेलेला निळा सदरा आज दिवसभर शोधत बसशील, आणि समोरचा माणूस खोळंबेल. सासूबाईंचा शब्द मी कधी मोडला नाही. चित्रं आली, मी बघितली, तिची तिने परत नेली, व्यवहार संपला. माझ्या डोक्याची फळी स्वच्छ. मी दोन्ही हात पसरून तसं दाखवलंसुद्धा. तिने लिहिलं. म्हणजे नापास मी झाले, पण दोष तुमच्या माहेरचा आहे, हे लक्षात असू द्या.

पुढे तिने तीच चित्रं नव्या चित्रांत मिसळून पुन्हा टेबलावर मांडली. आता माल दुकानात परत आला म्हटल्यावर मला काय अवघड? मघाची झरझर वेगळी काढली आणि नवीन चित्रं तिच्याकडे सरकवून म्हटलं, ही आमच्याकडची नव्हेत. तेव्हा ती हसली. एक सगळंच्या सगळं बरोबर, एक सगळंच्या सगळं कोरं! यातून तिने काय निष्कर्ष काढायचा तो काढो.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. तिने तुमच्या बंधूंना आत बोलावलं आणि माझ्यादेखत माझ्याविषयी विचारायला लागली. या शेगडी बंद करायला विसरतात का? तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात का? हे म्हणाले, छे! ती काही विसरत नाही. माझंसुद्धा सगळं तीच लक्षात ठेवते. तिचं पेन थांबलं. ती ह्यांच्याकडे बघत राहिली, मी कागद चिकटवलेल्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाली, पुढच्या वेळी दोघंही या. बघा! एकीला नापास करून पोट भरलं नाही.

निकालाच्या कागदावर लिहिलंय की आठवून सांगणं कमी, पाहून ओळखणं उत्तम, काही महिन्यांनी पुन्हा तपासावं. चिरंजीवांनी त्यातलं ‘कमी’ तेवढं वाचलं. पगारी माणूस ठरलासुद्धा. असल्या चित्रांच्या जोरावर एखाद्या बाईला तिच्या जागेवरून उठवायचं, हा अन्याय नाही तर काय? ती तपासणी बंदच करायला हवी. मी तिथे पुन्हा पाऊल ठेवणार नाही आणि आपल्या घरातल्या कोणालाही ठेवू देणार नाही. तुम्ही मोठ्या आहात, चिरंजीवांना खडसावून पत्र लिहा.

गुडघ्याला जपा.

तुमची,
नापास भावजय

ता. क. चिरंजीवांना पत्र लिहू नका. वर जे लिहिलं ते रागात लिहिलं, आणि खरं सांगायचं तर राग त्या मुलीवर नाही. कोट मी दिला नव्हता, वन्सं. ह्यांनी दिला. एप्रनही, पडदेही. मी शेजारी असले की यांचा हात चुकीच्या पुडक्याकडे जाताना मला दिसतो, आणि मी खोकून किंवा काहीतरी बोलून तो वळवते. त्या दिवसांत मी कंबर धरून घरी पडले होते (चिरंजीवांना ते कळवलंच नव्हतं), तेवढ्यात हे सगळं झालं. परवा यांनी सकाळी शटर उघडलं, आत आले आणि मला विचारलं, आज कोणाकडे आलोय आपण? मला वाटलं थट्टा करतात, म्हणून मी हसले. मी हसले म्हणून मग तेही हसले. शेजारी पगारी माणूस बसला तर तो खोकणार नाही. तो चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगेल. मला फार भीती वाटते, वन्सं.

दुसरं ता. क. तेव्हा तुम्ही या. यांना त्या चित्रवालीकडेच न्यायचंय, दुसरीकडे कुठे नाही. हे तर शाळेची पायरीही चढले नाहीत. शब्द आणि आकडे पुढे केले तर मान खाली घालून बसतील. चित्रं बघायला त्यांना आवडेल. पण मी चला म्हटलं तर येणार नाहीत. तुम्ही असं म्हणा की तुम्हालाच हल्ली विसरायला होतंय, तपासायला जायचंय आणि एकटीला धीर होत नाही. (माझ्या लग्नात कोण कोण रुसलं होतं ते अजून क्रमाने सांगणाऱ्या तुम्ही! दुसऱ्या कोणाला हे खरं वाटणार नाही, पण यांना वाटेल. ताईसाठी ते कुठेही येतील.) आत गेल्यावर कोणाला तपासायचं ते त्या मुलीला मी सांगून ठेवलंय. हो, मी पुन्हा जाऊन आले.

तिसरं ता. क. हे शेजारीच बसले आहेत. कोणाला लिहितेस म्हणाले, तर सांगितलं, तुमच्या ताईला. म्हणाले, माझा नमस्कार लिही. लिहिला. आता पुन्हा विचारलं, कोणाला लिहितेस. तोही नमस्कार लिहिते. दोन्ही मनापासून केलेत, वन्सं, दोन्ही घ्या.