पाय बसला

ता. ५ जानेवारी १९३४, विंझर

उजव्या पायाची नडगी मोडली. नऊ वर्षं संस्थानच्या मोजणीखात्यात हे डोंगर तुडवतो आहे, कधी साधी ठेच लागली नाही, आणि आज सपाट बांधावर पडलो. साखळीचं टोक धरून मागं मागं सरत होतो, पाठीमागं बघितलं नाही. काटकन आवाज आला. आधी वाटलं, साखळीची कडी तुटली.

चौघांनी बाजेवर घालून हौसाबाईकडे आणलं. आजूबाजूच्या गावांत हाडं बसवते ती हीच. साठीची, सडपातळ, हात मात्र पैलवानाचे. मी म्हटलं, पुण्याच्या इस्पितळात न्या. कुणी ऐकलं नाही. म्हातारीनं पाय चाचपला आणि विचारलं, "मोजणीदार, एकराला गुंठे किती वो?" मी "चाळ" म्हणेपर्यंत तिनं पाय ओढला होता. उरलेला आकडा ओरडण्यात गेला. मागाहून कळलं, ज्याला त्याला त्याच्या धंद्यातलंच विचारते. माणूस उत्तर द्यायला गेला की अंग सैल सोडतो.

आज एवढं पुरे.

ता. ६

तिच्याच पडवीत बाजेवर पडून आहे. ठणका कमी. पायाला दोन्ही बाजूंनी बांबूच्या कामट्या, वर धडपा गुंडाळलेला. आत लेप. उडदाचं पीठ, आंबेहळद आणि अंड्यातलं पांढरं. आमच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. तसं म्हटलं, तर हौसाबाई (पुढं नुसतं हौ. लिहितो) म्हणाली, "खायाला कोन सांगतंय? पायाला लावायचं हाय." पायानं काही तक्रार केली नाही.

सौ.ला हे कळता कामा नये.

ता. ८

कचेरीतून चिठ्ठी. चैत्रात वेल्ह्याकडच्या चढांची मोजणी निघायची आहे, तोवर पाय धड होणार की कसं, नाहीतर दप्तरात बसवू. म्हणजे दुसऱ्यानं मोजून आणलेले आकडे लाल शाईनं तपासत बसायचं. खिडकीतून डोंगर दिसेल न दिसेल. मला ते जमणार नाही. उगाच मोठेपणा सांगत नाही, चाललो नाही तर मला अन्न गोड लागत नाही.

हौ.चा मुलगा बाळू तांदूळ घेऊन भोरच्या बाजाराला निघाला. घरी पत्र धाडलं तर उघडायच्या आधीच रडारड, म्हणून तोंडी निरोप बरा. बाळू चांगला मिशीवाला, जबाबदार माणूस. म्हटलं, "पडलो होतो म्हणावं, पण काळजीचं कारण नाही." तो म्हणाला, "सांगतो की, पाय बसला म्हून." म्हटलं, बरोबर.

ता. ११

काय बरोबर!

दुपारी दारात गाडी. सौ. आणि मेहुणे आप्पा. भोरहून नसरापूरपर्यंत मोटर, पुढं बैलगाडी. सौ.चे डोळे सुजलेले. पडवीत आली, माझ्या तोंडाकडे न बघता पायाकडेच बघत राहिली. म्हणाली, "अहो, कायमचाच बसला का हो?"

आमच्याकडे घसा बसतो, धंदा बसतो, भिंत बसते. जे बसतं ते गेलंच. बाळूनं दारात उभं राहून "मालकांचा पाय बसला" एवढं सांगितलं आणि बाजार गाठला. दोन दिवस ही अन्नाला शिवली नाही.

हौ.ला आधी कळेचना रडतात कशाला. मग म्हणाली, "बाई, बसला म्हंजी बसला. जागच्या जागी बसला. न्हाई बसला आस्ता तर रडायचं." बाळू कोपऱ्यात मिशी चावत उभा. पहिली हसली ती सौ. आणि हसता हसता पुन्हा रडली. मलाही आवरेना. खरं सांगायचं तर सहा दिवसांत पहिल्यांदा मोकळं वाटलं.

आप्पा मात्र ऐकेनात. गाडी दारात आहे, याच पावली पुण्याला, तिथं साहेब डॉक्टर. हौ. भांडली नाही. "न्यायचं तर न्या. पन वाटंत धक्क्यानं हाड हाललं तर त्ये बसवायला मी तिकडं न्हाई." सौ.नं माझ्या पावलाला हात लावला. बोटं हलवा म्हणाली. हलवली. आप्पांना म्हणाली, "तू जा. मी राहते इथं."

ता. १४, संक्रांत

सौ.नं पडवीच्या टोकाला तीन दगडांची चूल मांडली आहे. तिचं सोवळं तिकडं, हौ.चं राज्य इकडं. मधे मी. तिळगूळ दिला तर हौ. म्हणाली, "ग्वाड बोलाया मला यायचं न्हाई, तवा जास्तीचा द्या." दिला.

परसात अंड्यांची टरफलं सापडली. सौ.नं मला विचारलं नाही, हौ.ला विचारलं. ती जे सांगायचं ते सांगून मोकळी. संध्याकाळी सौ. एवढंच म्हणाली, "तुमच्या उजव्या पायाला आता देवघरात मज्जाव." मग स्वतःच तोंडाला पदर लावून हसायला लागली.

ता. २३

नको ते केलं. हौ. कामट्या सोडून लेप बदलत होती. ती पाणी आणायला गेली तेवढ्यात पिशवीतली फीत काढून दोन्ही पाय मोजले. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. उजवा दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी. पुन्हा मोजला. दोन सूत.

सौ.ला सांगितलं नाही. जेवण गेलं नाही तर म्हणाली, भात कच्चा राहिला का?

ता. २४

हौ.ला सांगितलं. तिनं फीत हातात घेतली, उलटसुलट पाहिली, घडी घालून आपल्या कनवटीला खोचली. "हाड काय जिमीन हाय व्हय, फीत लावून मोजायला? सूज हाय, लेप हाय. उबं ऱ्हायल्याबिगर पाय कळत न्हाई." फीत संस्थानची आहे म्हटलं तर म्हणाली, "मग संस्थानाला धाडा मागायला."

दोन सूत डोक्यातून जात नाहीत. दप्तरातलं टेबलसुद्धा दिसतं आहे. डाव्या हाताला शाईची दौत.

ता. ५ फेब्रुवारी

दिवस सारखेच, म्हणून लिहिलं नाही. चौकोनी कांड्यांचा एक वेल आहे, इथं हाडसांधी म्हणतात. तो वाटून लेपात, आणि तुपात परतून पोटातही. घशाला खाज सुटते. वर नाचणीची आंबील. हौ.चं म्हणणं, दोन दिवसांआड खेकड्यांचा रस्सा दिला असता तर आतापर्यंत पळाला असता. सौ.नं कानांवर हात ठेवले.

दोघींचं गूळपीठ जमलं आहे. सौ. तिच्यासोबत हाडसांधी आणायला ओढ्यापलीकडे जाते. चढून-उतरून आली की गाल लाल. मला हेवा वाटतो. बायकोचा हेवा वाटण्याची ही पहिलीच वेळ.

ता. २०

आज कामट्या कायमच्या सुटल्या. पाय म्हणजे वाळकी शेंग. बघवेना. हौ.नं अंगण सारवलं होतं, ते वाळल्यावर त्यावर चुलीतली राख चाळून पसरली. म्हणाली, "चला ह्याच्यावरनं."

एका बाजूला बाळू, एका बाजूला सौ. नऊ पावलं. उजवा टेकला की कळ मस्तकात जात होती. दोन सुतांच्या नादात मी पाय मोजूनच टाकत होतो. पलीकडे पोचलो तेव्हा घामानं सदरा चिकटला होता.

हौ. राखेवर वाकून एकेक पाऊल बघत गेली. डावं खोल उमटलं होतं, उजवं पुसट. मी तिच्याकडे बघेना. सौ.नं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिथं वळ आहे. शेवटी म्हातारी कंबरेवर हात देऊन उठली.

"दोनी टाचा टेकल्यात. पाय लांडा न्हाई वो, भ्यालाय नुस्ता."

मी मटकन जमिनीवर बसलो. राखेत. धोतराचं व्हायचं ते झालं. सौ. आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. देवा, सुटलो. एवढंच लिहवतं आहे.

ता. २७

काठी घेऊन ओढ्यापर्यंत. परत येताना काठी काखेत. हौ.नं लांबून पाहिलं आणि ओरडली, "आजून चार दीस काठी सोडायची न्हाई." फीत परत दिली. मोजावंसं वाटलं नाही. खोटं कशाला, वाटलं. मोजलं नाही.

ता. ४ मार्च, भोर

काल घरी आलो. कचेरीला अजून उत्तर लिहिलेलं नाही. सपाटीवर चालतो, नदीच्या घाटाच्या पायऱ्या आधार धरून उतरतो. चढ अजून पाहिलेला नाही. सौ. म्हणते, येईन म्हणून लिहा. दोन दिवस थांबतो.

कालचं निघताना. गाडी जुंपलेली. हौ.च्या पाया पडलो. वाकता आलं याचंच कौतुक. "बरं, येतो" म्हणायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला. "हितनं निगताना येतो म्हनायचं न्हाई. हाड मोडल्याबिगर माज्याकडं कोन येतंय? जातो म्हना."

आमच्याकडे वाण्याच्या दुकानाला निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणतो. 'जातो' हा शब्द उंबऱ्यात काढला तर आई मुस्काटात देत असे. जीभ वळेना. दोनदा 'ये'पर्यंत आलो आणि थांबलो. दोन महिने ज्या घरानं उचललं, बसवलं, खाऊ घातलं, त्या घराला हे कसं म्हणायचं? हौ. म्हणाली, "घाई न्हाई. पन त्येच म्हनायचं, आन् मागं वळून बगायचं न्हाई."

म्हणालो, "जातो."

"जावा," म्हणाली आणि पाठ फिरवली. मी गाडीत चढलो, कुणाचा हात न धरता. पाय धड झाला याचा आनंद होता, आणि रडूही येत होतं. दोन्ही खरं आहे.

सौ. मागं रेंगाळली. दारापाशी जाऊन म्हणाली, "हौसाबाई, मी येते हं."

म्हातारी वळली असावी. माझ्या कानावर आलं ते इतकंच, "तू ये गं बये. तुजा पाय धड हाय."

गाडी वळणाआड जाईपर्यंत ती उंबऱ्यात उभी होती म्हणे. मला मागं बघायची मनाई, म्हणून हे सौ.नं सांगितलं.