दुसऱ्या कडव्यानंतरचा खोकला

दादा,

तू गेल्यापासून कुणी आपल्या बँडचं नाव काढलं की मी विषय बदलते. आज मात्र कारखान्याच्या धुराविरुद्धच्या मोर्चाला गेले, एकटीच. तिथं आपलं धुराचं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्यानंतर अख्खा रस्ता एकदम खोकला. रेकॉर्डिंगमध्ये तू खोकलास ना, अगदी तस्सा! लोकांना वाटतं, तो कामगारांचा खोकला. खरं काय ते आपल्या दोघांनाच ठाऊक. माझ्या हातून ड्रमची काठी निसटली, थेट तुझ्या चहात पडली आणि तू हसू दाबायला खोकलास.

ते आठवून मी भर गर्दीत फिस्सकन हसले. तुझा चेहरा छापलेला टी-शर्ट घातलेली शेजारची बाई डाफरली, "हसताय काय? माझा नवरा गेलाय या धुरानं!"

तिला काय सांगणार होते, कप्पाळ? "चुकलं माझं," म्हटलं.

लोकांनी गाणं पुन्हा धरलं. ती जागा आली तेव्हा मीही खोकले, अगदी तुझ्यासारखी. फक्त दाबायचं होतं ते हसू नव्हतं रे.

तुझी,
ताल सोडून सगळं चुकणारी छोटी