आसमीनचं दूध

प्रिय आसमीन,

तुझा मेसेज वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. बाळासाठी 'चांगला खडा' पाठव म्हणालीस. ही सगळी आमच्या आबांची कृपा! "आमची अनुपमा पुण्यात खडे करती," असं त्यांनी केंदूरभर सांगून ठेवलंय. गेल्या सुट्टीत गावातल्या सोजराबाई जावयाची पत्रिका घेऊन आल्या, पुष्कराज चालेल का विचारायला. आता ही ख्याती दौंडला तुझ्या सासरीही पोचली म्हणायची. बाई गं, माझे खडे मिठाच्या कणाएवढे, आणि हात लावला तरी मोडतात.

ते प्रथिनांचे स्फटिक असतात. शरीरात एका पदार्थाचा दुसरा करणारं प्रथिन, म्हणजे एन्झाइम, इतकं बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. म्हणून त्याचा स्फटिक करायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि ते कसे विखुरतात त्यावरून कोणता अणू कुठे बसलाय ते काढायचं. तुझ्या लेकीचं जे एन्झाइम बिघडलंय, त्याचं चित्र इतरांनी आधीच काढलेलं आहे. काल मी तेच बघत बसले होते. दुधातली साखर शरीराला वापरता यावी म्हणून बदलावी लागते. त्या बदलात एक अवघड मधली अवस्था येते, जुनं सुटलंय पण नवं जुळलेलं नाही अशी. एन्झाइममधली एक खोबण नेमकी तिलाच धरून ठेवते, आणि एरवी रखडलं असतं ते काम पापणी लवायच्या आत होतं. तुमच्या रिपोर्टमध्ये दिसलेला जनुकातला बदल त्याच खोबणीला बिघडवतो. पकडच बसत नाही, मग साखर अर्धवट बदललेली राहून साचते आणि बाळाला बाधते.

म्हणून डॉक्टरांनी दूध बंद करून सोयाचं दिलंय. तेच चालू ठेव. गाईचं, शेळीचं, तुझं, कुठलंच नको. "हिच्या दुधातच दोष हाय," म्हणणाऱ्या सासूबाईंना सांग, दूध चोख आहे. आणि हा बदल निम्मा तुझ्याकडून, निम्मा शाकीरकडून आलाय. त्यालाही मी फोन करून सांगितलं. म्हणाला, "अम्मीला मी सांगतो." भला माणूस आहे.

एवढं तर तुलाही फोनवर सांगता आलं असतं. पण परवा तू "मग माझा पहिला..." इतकंच बोललीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून मला चैन नाही. तो गेला त्याआधी त्याचेही डोळे हिच्यासारखेच पिवळे झाले होते. त्याचं रक्त कुणी तपासलं नव्हतं, त्यामुळे खात्री देता येत नाही. पण हो आसमीन, मला वाटतं तेच असावं. तो मलूल पडत गेला तशी तू त्याला आणखी जवळ घेऊन पाजत राहिलीस, कारण सगळे पाज म्हणत होते. मी तुझ्या शेजारी असते, तर मीही पाजच म्हटलं असतं.

शनिवारी दौंडला येतेय, तोवर आणि नंतरही तुझीच,
अनुपमा