पहिल्या पगाराची गाय

आये, शेजारच्या काकीच्या म्हशीवर मी ठेवलेला ठपका खोटा होता. हे आधी सांगते, बाकीचं मागून.

नव्यानेच पशुवैद्य होऊन मी घरी आले होते. आपली गावठी गाय गाभडली आणि त्याच महिन्यात काकीने घाटावरून आणलेली म्हैसही. मी दोघींचे नमुने घेतले, मी तुला दिलेल्या जर्सीचं दूधही. तिन्हींत गर्भपात घडवणारा एकच जंतू निघाला. मी अंगणात उभी राहून चारचौघांत सांगितलं, रोग घाटावरच्या म्हशीने आणला. आठ दिवसांत काकीचे रतीब बंद झाले. अजून डोळ्यांपुढे आहे: तू मात्र तिच्याच दुधाचा चहा करते आहेस, दूध दोनदा उकळून. मी कप बाजूला सारते. "शिकलंस तां बरा झाला गो," तू म्हणतेस, "पण कोणाचा नाव घेवच्या आधी इचार करुक खंय शिकवतत?" मला ती अडाणी माया वाटली.

ते जंतू तेव्हा प्रयोगशाळेत सुकवून काचेच्या कुप्यांत ठेवले होते. आता जंतूचा वाण ओळखता येतो. त्याच्या डीएनएत ठरावीक जागी तोच तुकडा किती वेळा येतो ते मोजायचं; एका घराण्यातले असले की आकडे जुळतात. यंदा, इतक्या वर्षांनी, जुन्या कुप्या तपासल्या. आपल्या दोन्ही गायींचे आकडे एक, म्हशीचे वेगळे. जर्सी ज्या फार्मवरून आणली तिथलीही एक कुपी होती. ती आपल्या गायींशी तंतोतंत जुळली. मी तीनदा मोजलं. आपल्या गोठ्यात रोग मीच आणला होता, पहिल्या पगाराच्या गायीबरोबर.

रविवारी रेल्वेने आले. तू वारलीस तेव्हा इकडे रेल्वे नव्हती. काकी आता देवबागला लेकीकडे असते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"बस गो आधी. डाक्टरीण झालंस तरी उभ्यानच बोलतंस," ती हसली. "जर्सीचो गाभ पडलो तेवा माझी म्हस अजून घाटारच होती. तुझ्या आवशीन तो माडाच्या मुळात पुरल्यान. माका म्हणाली, चेडवाक सांगू नको, पयल्या पगाराची गाय ती."

"मग तू गप्प का राहिलीस?"

"गावान माका टाकल्यान, तुझ्या आवशीन नाय. तिचो शबूद कसो मोडू?"

उद्या त्याच अंगणात माणसं बोलावली आहेत. काकी म्हणते, "आता कित्याक?" तरी सांगणार, आणि तुझ्यावर न ढकलता. तू गाभ लपवलास हे खरं, पण अंगणात बोलले ती मी.

हा कागद कुपीच्या नोंदींत ठेवते. एक राहिलं. तू गोठ्यात गेल्यावर तो सारलेला चहा मी प्यायले होते. दूध उकळलं की धोका उरत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. अंगणात तेवढं सांगितलं नाही.