चंद्रीचं डावं सड

निघोजे,
रविवार, १९ जानेवारी २०२५

सौ. छबूस,

आशीर्वाद लिहावा की नमस्कार, ह्या विचारात अर्धा चहा संपला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची वेळ आली नव्हती, कारण तू घर सोडून कधी राहिलीच नाहीस. तेव्हा दोन्ही घे. विक्कीचा टेम्पो आज रहाटणीला भाजी घेऊन येतोय, त्याच्याजवळ मेथी दिली आहे. पत्र पिशवीच्या तळाशी आहे. आपल्या लेकीच्या हाती पडू देऊ नकोस, प्राजक्ता ते जावयांना मोठ्यानं वाचून दाखवेल.

इकडे सगळं ठीक आहे. फोनवर मी रोज हेच सांगतो आणि तू "बरं" म्हणून ठेवून देतेस, कारण मागं नातू रडत असतो. त्याचे फोटो पाहिले. नाक तुझ्यावर गेलंय, त्याला आता इलाज नाही.

फोनवर जे सांगितलं नाही ते असं, की आपल्या चंद्री शेळीला दगडी झाली होती, कास सुजून दगडासारखी झाली होती. घाबरू नकोस, "होती" लिहिलंय.

जाताना तू मला धार काढायला शिकवलंस आणि बजावलंस, "उजवं सड आपलं, डावं करडाचं. डाव्याला हात लावायचा न्हाई." माझ्या आईनं तुला हेच सांगितलं होतं. मी कंपनीच्या तपासणी खात्यात जन्म काढलेला माणूस, सूचना म्हणजे सूचना. पुढं तू कबूल केलं होतंस म्हणून करडू मोशीला तुझ्या बहिणीकडे, मंजुळाबाईंकडे, पोचवून आलो. दुसऱ्या सकाळी पातेलं घेऊन बसलो, उजवं पिळलं, डाव्याला हात लावला नाही. रोज तसंच. करडू मोशीत आणि त्याचा वाटा इथं कासेत साठतोय, हे डोक्यातच आलं नाही. उलट बायको नसताना आपलं कसं नीट चाललंय म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

मग एका सकाळी चंद्रीनं पातेलं उडवलं. डावी बाजू टणक, हाताला गरम. पाय फाकवून उभी, वैरणीला तोंड लावेना. शेजारचा आबाजी कुंपणावरून बघून म्हणाला, "ग्यानबा, ही बाजू गेली. शनिवारी चाकणच्या बाजाराला लाव, वहिनीला सांग चोरीला गेली." बाटलीनं दूध पाजून तू वाढवलेली शेळी. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

जनावरांच्या डॉक्टर निशिगंधाबाई आल्या. कास चाचपून म्हणाल्या, "गार पडली नाही, निळीही नाही. वाचेल." काळ्या ताटलीत डाव्या सडाची धार धरली, तर दुधात फाटल्यासारख्या गुठळ्या.

"करडू कुठाय?"

"मोशीला."

"मग ह्या बाजूचं दूध कोण काढतं?"

मी तुझी सूचना शब्दाला शब्द सांगितली. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. इंजेक्शनं दिली, सडात औषध सोडलं आणि सांगितलं की तिला दुखलं तरी ही बाजू सारखी रिकामी करायची, साठू द्यायची नाही. आणि औषध अंगात आहे तोवर दोन्हीकडचं दूध ओतून द्यायचं.

मग काय, कोमट पाणी, स्वच्छ फडकं, धार, शेवटी सड औषधात बुडवायचं. लगेच पुढ्यात पाला टाकायचा, म्हणजे ती खाली बसत नाही आणि सडाचं उघडं तोंड मातीला लागत नाही. सुरुवातीला लाथा खाल्ल्या. तिनं उभं राहावं म्हणून तिच्याशी बोलत बसायचो. आबाजीनं ऐकलं. "शेळीला घरच्या गोष्टी सांगतो व्हय रे?" म्हणाला. काय सांगत होतो ते त्याला विचारू नकोस.

आज सकाळी डावी धार स्वच्छ आली. ताटली उजेडात नेऊन पुन्हा तपासली. पास. ही बाजू थोडं कमी देईल म्हणे, देऊ दे. निवृत्तीच्या सत्कारालाही मला इतका आनंद झाला नव्हता.

आता दुसरं. परवा तू म्हणालीस, "प्राजक्ताचं ऑफिस सुरू होईल, ती वर्षभर राहा म्हणतीय. तुमी सांगा, काय करू?" मी म्हणालो, तुला बरं वाटेल तसं कर. फार शहाणपणाचं बोललो असं वाटलं. ते खोटं होतं. मी सकाळी दोघांचा चहा टाकतो आणि तुझा गार झाला की ओतून देतो. दिवसभरात काही घडलं की तुला सांगायचं म्हणून बाजूला ठेवतो, आणि फोनवर बाळ रडतं. असं तुझ्या वाटणीचं फार साठलंय, छबू. आता दुखायला लागलंय.

वर्षभर राहू नकोस. ऑफिस सुरू होईपर्यंत प्राजक्तानं बाळाला घेऊन इकडं यावं, अंगणात ऊन आहे. पुढं काही दिवस तू जा, काही दिवस मी जातो. धार काढायला शिकलो तर लंगोट बदलायलाही शिकेन. फक्त सूचना देताना करडू गेल्यावर काय करायचं, तेही सांगत जा.

दूध अजून ओतावंच लागतंय. डॉक्टरांनी परवानगी दिली की दोन्ही सडांच्या दुधाचा चहा करीन, तो मात्र तू आल्यावरच. उत्तर फोनवर दे, बाळ रडत असलं तरी.

सगळा तुझ्याच वाटणीचा,
ज्ञानदेव